पानाच्या शिरा आणि नदीचे फाटे

प्रश्न : द्राक्षाच्या पानातल्या शिरा आणि नकाशातलं दारणेचं खोरं सारखंच दिसतं. या फाट्यांवरून काही कळतं का? घरी मोजता येईल?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : आधी फरक. ओढे एकदा मिळाले की सहसा पुन्हा फुटत नाहीत. पानात मात्र बारीक शिरा एकमेकींना जोडून बंद कप्पे करतात. अळीने एक शीर कुरतडली तरी पाणी दुसऱ्या वाटेने पोचतं. म्हणून पुढची श्रेणींची मोजणी पानाला लावू नका.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या आणि एका ओढ्याचं पूर्ण पाणलोट ट्रेसिंग पेपरवर टोकदार पेन्सिलीने उतरवा. फक्त निळ्या रेघा घेतल्या तर फसाल. आपल्याकडचे बरेच ओढे पावसाळ्यापुरते वाहतात, आणि कोरडे प्रवाह नकाशात काळे असतात.

ज्याला वरून एकही फाटा मिळत नाही, तो पहिल्या श्रेणीचा. असे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, दुसरीचे दोन मिळाले की तिसरी. पहिलीचा ओहोळ तिसरीला मिळाला तर तिसरी तिसरीच राहते. चूक हमखास इथे होते. पहिल्या श्रेणीच्या संख्येला दुसरीच्या संख्येने भागा : ४८ आणि १२ असतील तर ४. साधारण ३ ते ५ आलं तर खडकाने फारशी ढवळाढवळ केलेली नाही. नाशिकच्या बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे, त्यामुळे जाळं बहुधा झाडासारखं पसरतं. आकडा बराच मोठा आला तर खोरं लांबट आहे का, ओढे भेगांना धरून काटकोनात वळतात का, ते पाहा.

फ्रॅक्टल मिती, म्हणजे रेघांचं जाळं कागद किती भरून टाकतं ते सांगणारा १ ते २ मधला आकडा, काढायची तर त्या चित्रावर १० मिमी चौकटींची जाळी ठेवा, रेघ शिरलेल्या चौकटी मोजा. मग ५ मिमीची. १०० च्या ३०० झाल्या तर ३ चा लॉग भागिले २ चा लॉग, म्हणजे ०.४७७ ÷ ०.३०१, सुमारे १.५८. दोन मापांवर विसंबू नका, चार-पाच घ्या. जाळी थोडी सरकवून दर मापाला सर्वांत कमी संख्या धरा. चौकट इतकी मोठी की सगळ्याच भरल्या, किंवा पेन्सिलीच्या रेघेपेक्षा लहान, तर उत्तर २ कडे सरकतं; ते आकडे टाकून द्या.

प्रश्न : सिन्नरकडे दगड फोडल्यावर आत नेच्यासारखी काळी नक्षी निघाली. जीवाश्म आहे का?

उत्तर : बहुधा नाही. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने सोडलेलं मँगनीजचं ऑक्साइड असावं. भिंगातून बघा : मधली शीर नाही, पर्णिकांचा नेमका क्रम नाही, आणि नक्षी भेगेच्या सपाटीपुरतीच.