पलंगावरून पडलेलं बाळ, कपाळावरचं टेंगूळ आणि सीटी स्कॅन

तुमचा १४ महिन्यांचा मुलगा काल रात्री पलंगावरून फरशीवर पडला, लगेच रडला, कपाळाला टेंगूळ आलं, एकदा उलटी झाली. आता खेळतोय, पण घरचे ‘सीटी करूनच टाका’ म्हणतायत आणि रात्रभर कुणी त्याला झोपू दिलं नाही. मी बालरुग्ण विभागात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

टेंगूळ किती मोठं यापेक्षा ते कुठे आणि कसं आहे ते बघा. कपाळाची हाडं मजबूत, तिथलं कडक टेंगूळ दिसायला भयंकर असलं तरी सहसा निरुपद्रवी. बोटांची टोकं केसांतून हळूच फिरवा: कानाच्या वर, मागे, बाजूला. तिथे पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत लागलं, तर बाळ हसत असलं तरी आत्ताच दवाखाना गाठा. दोन वर्षांखालच्या मुलांत ती कवटीला तडा गेल्याची खूण असू शकते.

डोक्याला मार लागलेल्या कोणत्या मुलाला सीटीची गरज नाही हे ठरवायला, ४२ हजारांहून जास्त मुलं तपासून अमेरिकेत २००९ साली ‘पेकार्न’ निकष आले. दोन वर्षांखाली ते विचारतात: ३ फुटांहून उंचावरून पडला का, ५ सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होता का, कपाळ सोडून इतरत्र सूज आहे का, कवटीला तडा हाताला लागतो का, सुस्त किंवा फार चिडचिडा आहे का, आणि आईला तो नेहमीसारखा वाटतो का. हो, आईचं मत त्यात अधिकृतपणे धरलंय! सगळं ठीक असेल तर गंभीर इजेची शक्यता ५ हजारांत एकाहूनही कमी. एका उलटीचा या वयाच्या यादीत उल्लेखसुद्धा नाही. भेदरून, रडून मुलं ओकतातच. सीटीत मात्र किरणोत्सर्ग आहे, आणि एवढ्या लहानग्याला कधी कधी गुंगीचं औषधही द्यावं लागतं. नुसत्या मनःशांतीसाठी तो करू नये.

झोपेचं म्हणाल तर झोपू द्या हो. दमलेलं पोर जागं ठेवलं की किरकिर करणारच, मग ती मारामुळे की झोपेमुळे, कसं कळणार?

तरी आज बालरोगतज्ज्ञांचा हात एकदा डोक्यावरून फिरू द्या. पुढचे दोन दिवस वारंवार उलट्या, आकडी, उठवूनही न उठणं, टाळू फुगणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक हात-पाय कमी हलवणं, यातलं काहीही दिसलं तर थेट न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच. सिरप ५ मिलीत १२५ किंवा २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत येतं, बाटली वाचून द्या.