पहिली २०० किमी ब्रेव्हे आणि पसरणी घाट

पुणे–पाचगणी–पुणे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायचं ठरवलंस, फार छान वाटलं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ चा वेग पुरतो. ही शर्यत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या कात्रजच्या चढाला पुढच्याच्या मागे धावू नकोस. तिथे जाळलेले पाय पसरणीत हिशोब मागतात.

वाईत भूक नसली तरी खा. तिथून पाचगणीपर्यंत पसरणी घाटाचा दहा-बारा किलोमीटर सलग चढ आहे. पायथ्यालाच हलका गिअर टाक. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला समज. मागच्या चाकाला सर्वात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं असलेली कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) बसवून घे, गुडघे वाचतील. माझ्या पहिल्या वेळी मी २५ दातांवर गेलो आणि घाटातल्या हॅरिसन फॉली पॉइंटच्या अलीकडे मांडीत असा गोळा आला की सायकल कठड्याला टेकवून बसावं लागलं. नुसतं पाणीच पीत होतो, मीठ पोटात गेलंच नव्हतं. इलेक्ट्रोलाइट ठेवच, आणि दर अर्ध्या तासाला राजगिरा वडीचा तुकडा.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नकोस, वळणाआधी दाब नि सोड. परतताना अंधार पडतो. दिवे आदल्या रात्री चार्ज कर. आणि ब्रेव्हे कार्ड, ज्यावर वाटेतल्या थांब्यांचे शिक्के मारतात, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव, घामाने शिक्के पुसट होतात.