मनगटाची सोनोग्राफी : १३चा अर्थ काय?

प्रश्न : आईचं वय ५२. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. एनसीव्ही नॉर्मल आली, पण सोनोग्राफीत ‘मीडियन नर्व्ह (मनगटातून हातात जाणारी नस) १३ चौ. मिमी’ लिहिलंय. खरा रिपोर्ट कोणता? – वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही. नसेतून संदेश किती वेगानं जातो, ते एनसीव्ही सांगते. नस दिसते कशी, ते सोनोग्राफी. सुरुवातीला नस सुजलेली असूनही काम बऱ्यापैकी करत असते, अशा वेळी एनसीव्हीत काही सापडत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आणि एनसीव्ही बिघडलेली, असंही होतं.

मनगटातल्या बोगद्यातून (कार्पल टनेल) ही नस बोटं हलवणाऱ्या नऊ टेंडनांसोबत, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांसोबत जाते. बोगद्यात दाब पडला (कार्पल टनेल सिंड्रोम) की ती तोंडाशीच, म्हणजे कोपराकडच्या बाजूला फुगते. तिथलं क्षेत्रफळ साधारण ९-१०पर्यंत नॉर्मल धरतात, म्हणजे १३ जास्तच. तरी एवढ्यावर थांबू नका. याच नसेचं कोपर आणि मनगट यांच्यामधल्या हातातलं माप घेतलंय का, ते विचारा. मनगटातलं माप भागिले हे माप, हे गुणोत्तर १.४च्या वर गेलं, तर अडचण मनगटातच आहे असं मानायला आधार मिळतो. मधुमेहात किंवा काही आनुवंशिक आजारांत नस सगळीकडेच जाड होते आणि एकटा आकडा फसवतो.

हात झटकल्यावर आराम पडणं हे फार बोलकं लक्षण आहे. डॉक्टरांशी बोलून रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट काही आठवडे वापरून पाहावा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत असेल किंवा बोटं सतत बधिर राहत असतील, तर वाट न पाहता हाताच्या सर्जनला दाखवा.

प्रश्न : मी रेडिओलॉजीचा निवासी डॉक्टर. एकाच मनगटात माझं माप ११ आलं, सहकाऱ्याचं १४. चूक कोणाची? – वाचक, पुणे

उत्तर : बहुधा रेघेची. नस ६ मिमी रुंद, २.४ मिमी जाड धरा. क्षेत्रफळ येतं ११.३. ट्रेस, म्हणजे पडद्यावर नसेभोवती काढलेली रेघ, सगळीकडून फक्त ०.२ मिमी बाहेर सरकला तर तेच १४ होतं! म्हणून नसेभोवतीच्या पांढऱ्या कडेच्या आतून ट्रेस करा, कड धरू नका. तीनदा मोजून सरासरी घ्या. आकार वेडावाकडा असेल तर मशीनचा तयार लंबगोल वापरू नका.

मोजण्याआधीची तयारीही तपासा. तळहात वर, मनगट सरळ, बोटं सैल. लिनियर प्रोब (त्वचेवर टेकवायचं सपाट तोंडाचं उपकरण), १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. जेल भरपूर, प्रोब नुसता टेकवायचा. शिरा दिसेनाशा झाल्या म्हणजे तुम्ही दाबताय, आणि दाबलेली नस चपटी होते. करंगळीकडे पिसिफॉर्म हे हाड आणि अंगठ्याकडे स्कॅफॉइड या हाडाचा उंचवटा एकाच चित्रात आले की बोगद्याचं तोंड सापडलं. प्रोब किंचित कलवा : टेंडन काळे पडतात, नस मात्र मधाच्या पोळ्यासारखी दिसत राहते. तरीही शंका असेल तर बोटं हलवायला सांगा. टेंडन सरकताना दिसतील. मोजताना मात्र प्रोब नसेला काटकोनात हवा. तिरक्या छेदात क्षेत्रफळ उगाच वाढतं, आणि नस बोगद्यात शिरताना खोल उतरते, त्यामुळे हा घोटाळा नेमका इथेच होतो.

नस दुभागलेली असेल तर दोन्ही भाग वेगळे मोजून बेरीज करा. मध्ये धमनी आहे का ते डॉपलरनं (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं) बघा. सर्जनला हे आधी कळायलाच हवं. प्रोब तळहातापर्यंत न्या. गँगलियन (द्रव भरलेली गाठ), टेंडनच्या आवरणाची सूज किंवा बोगद्यात उतरलेला स्नायू एनसीव्हीत दिसत नाही, इथे दिसतो.

प्रश्न : कार्पल टनेलच्या ऑपरेशनला सहा महिने झाले. मुंग्या गेल्या, पण माप अजून १२ आहे. पुन्हा ऑपरेशन लागेल का? – वाचक, बेळगाव

उत्तर : नुसत्या आकड्यासाठी नाही. ऑपरेशननंतर सूज कमी होते, पण बऱ्याच जणांत माप पूर्ण नॉर्मलला येत नाही. मुंग्या परतल्या तर मात्र सोनोग्राफी पुन्हा करावी आणि ऑपरेशनमध्ये कापलेला बोगद्यावरचा आडवा पट्टा पूर्ण मोकळा झालाय का, नसेभोवती व्रण धरलाय का, हे खास बघायला सांगावं. जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि जमलं तर त्याच केंद्रात.