दुसऱ्या माळेची रात्र

प्रिय ओवी,

परवा पोहण्याच्या क्लासहून येताना ट्रेनमध्ये तू विचारलंस, "आई, पूर आला तेव्हा थोरल्या आजीनं घट हलवला ना? नऊ दिवस हलवायचा नसतो असं तीच म्हणाली होती. मग डिसेंबरमध्ये मला देवघरात का जाऊ दिलं नाही?"

मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी आल्यावर कपडे धुवायला टाकले, कुकर लावला आणि काहीच सांगितलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. तेच मला जास्त लागलं. म्हणून लिहितेय. एखादं जोडाक्षर अडलं तर हाक मार.

गावाकडचं घर तुला एकोणीस माणसांचं म्हणून माहीत आहे. माझ्या लहानपणी आम्ही तेवीस होतो. त्या घरात देव आहे की नाही, असं मला कुणीच कधी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की आज फुलं कुणी आणायची, कंदिलाची काच कुणी पुसायची, हरिपाठाला टाळ कोण घेणार. देव म्हणजे कामाची वाटणी होती. कार्तिकात पहाटे काकड्याला अप्पांबरोबर मारुतीच्या देवळात जायचं काम माझं. थंडीत अप्पांच्या घोंगडीत अर्धी शिरून मी चालायची. काकड्याचे अभंग मला अर्थ कळायच्या आधी पाठ झाले. आज इथं नोव्हेंबरच्या अंधारात ऑफिसला निघताना ते आपोआप ओठांवर येतात. ही श्रद्धा की सवय, मला खरंच सांगता येणार नाही.

एकादशीला घरातल्या मोठ्यांचा उपास, म्हणजे महिन्यातून दोनदा भगरीचं मोठं पातेलं आणि शेंगदाण्याची आमटी. आम्हा पोरांना उपास नसायचा, पण त्या आमटीसाठी आम्ही सगळे 'आमचाही उपास' म्हणून पंगतीत बसायचो. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी. त्यानंतर कार्तिकीपर्यंत चार महिने कांदा-लसूण बंद, म्हणून त्या दिवशी कांद्याची थालीपीठं, कांद्याची भजी, सगळं कांद्याचं. गेल्या जुलैत तू व्हिडिओवर पाहिलंस ना, थोरली काकू परातीत कांदे चिरत होती आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होती? (तुझी थोरली आजी. माझ्या तोंडून काकूच येणार.) त्या एकादशीला, ६ जुलै २०२५ ला, अप्पा गावच्या दिंडीबरोबर पंढरपुरात होते. गुडघ्याला पट्टा बांधून चालत गेले. काकू घरीच होती, कारण मागे राहिलेल्यांचं फराळाचं कुणीतरी करायला हवं. ती म्हणते, "माझी वारी चुलीपाशी." मी लहानपणी हे ऐकून भारावून जायची. आता मला विचारावंसं वाटतं, काकू, तुला एकदा तरी जायचं होतं का?

आता घटाचं. २२ सप्टेंबरला घट बसले. आमची कुलदेवी तुळजापूरची भवानी. टोपलीत शेतातली माती, तिच्यात धान्य पेरायचं, मधे पाण्यानं भरलेलं मातीचं सुगड, रोज एक फुलांची माळ, आणि नऊ दिवस तेवता दिवा. टोपलीला कुणी धक्काही लावायचा नाही. लहानपणी मी एकदा रुजलेले अंकुर बोटानं मोजायला गेले, तर आजी, म्हणजे माझी आजी, अशी ओरडली की मी दिवसभर परसात लपून बसले होते.

दुसऱ्या माळेच्या रात्री सीना नदी फुगली. वरून धरणाचं पाणी सोडलेलं, त्यात पाऊस थांबेना. माढा, करमाळा, मोहोळकडची कितीतरी गावं त्या आठवड्यात पाण्यात होती. इथं रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे साडेबारा. फोनमध्ये फक्त बॅटरीचा उजेड आणि पाण्याचा आवाज. पुरुष गोठ्यात जनावरांची दावी सोडत होते. ओसरीवर पाणी चढलं तेव्हा घट वर, धाकट्या काकांच्या स्लॅबच्या खोलीत न्यायचं ठरलं. काकूच्या हातात दिवा होता, तो जिन्यात विझला. तू माझा दंड घट्ट धरलास. काकूनं वर जाऊन दिवा पुन्हा लावला आणि पहिलं विचारलं ते, "कणग्यातली ज्वारी वर आली का?" सोयाबीन गेलं, तूर गेली, खालच्या खोलीतल्या गाद्या गेल्या. चौथ्या दिवशी शाळेत आसऱ्याला आलेल्या माणसांसाठी त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या गेल्या. थापणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांचा उपास होता.

मला हे घर आवडतं, ओवी. ते आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की आवडत नाही.

डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा पहिले चार दिवस तू काकूच्या मांडीला मांडी लावून फुलवाती वळल्यास, रोज दिवेलागणीला दिवा लावलास. पाचव्या दिवशी तुझी पाळी आली. तू मला सांगितलंस, मी आजीला सांगितलं, आजीनं काकूला. संध्याकाळी काकू म्हणाली, "आज राहू दे गं बाई, चार दिवस तिकडं नको जाऊ." अगदी मायेनं म्हणाली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी ताटं मांडत होते, मांडतच राहिले.

माझ्या वेळी परसातल्या पडवीत वेगळं कांबळं असायचं. 'कावळा शिवला' म्हणायचे. पहिल्यांदा मी बारा वर्षांची होते आणि कार्तिक चालू होता. पहाटे अप्पांनी हाक मारली नाही. ते एकटेच गेले. कंदील अंगणातून पुढे जाताना मी पडवीतून पाहिला. काकूनं दुपारी गरम पिठलं-भाकरी आणून दिली आणि चार हात दूर बसून माझ्याशी खूप गप्पा मारल्या, एरवी तिला कधी वेळ नसायचा. त्यामुळे माझ्या मनात ते दिवस दुःखाचे नाहीत, आणि तीच अडचण आहे. लागलं होतं ते पिठल्याच्या वासाखाली दबून राहिलं.

लोक सांगतात की बाईला विश्रांती मिळावी म्हणून ही पद्धत. मीही इथं एका मैत्रिणीला हेच सांगितलं होतं. पण मी पाहिलंय, काकू त्या दिवसांत खुरपायला शेतात जायची, शेणाच्या पाट्या उचलायची. बंद असायची फक्त चूल आणि देवघर. गौरी आल्या की मोठी वहिनी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घ्यायची. माझ्या लग्नात मीही घेतल्या. विश्रांती असती तर गोळ्या कशाला लागल्या असत्या?

आणि आपण माळकरी. त्याच घरात भजनात सोयराबाईंचा अभंग म्हणतात. त्या चोखोबांच्या पत्नी, चौदाव्या शतकातल्या. विटाळ देहातच जन्माला येतो, मग सोवळं कोण झालं, असं त्या देवालाच विचारतात. अप्पांचा आवाज त्या अभंगाला कातर होतो. माझे आजोबा सांगायचे, गावातली काही माणसं सगळ्यांबरोबर चालत पंढरपूरला जायची आणि महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीशी थांबायची, पुढं जायची मुभा नव्हती. १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. आजोबांना त्याचा फार आनंद होता. पण त्यांच्याच घरच्या पडवीत कांबळं होतं, हे त्यांच्या मनात कधी आलं असेल का? तुझ्या प्रश्नापर्यंत माझ्याही मनात हे दोन्ही शेजारी आले नव्हते.

रविवारी मी काकूला फोन केला आणि तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत सांगितला. बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "त्या रात्री टोपली कुणी उचलली, ठाऊक हाय का?" मी म्हटलं, तूच ना? "माझ्या हातात दिवा हुता. टोपली धाकट्या सुनंनं उचलली. ती बाजूला बसली हुती त्या दिवशी. गडी गोठ्यात. मीच म्हणलं, उचल." मग थोडं थांबून, "धान चांगलं उगवलं. दसऱ्याला सगळ्यांनी टोपीत खोवलं." तुझ्या मामीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग ओवीला का थांबवलंस? ती म्हणाली, "पाणी नव्हतं आलं ना गं." आणि लगेच, "रागावली का ती?"

मला वाटतं तिला स्वतःलाच ते उत्तर पटलं नाही. पण पंचाहत्तराव्या वर्षी तिच्याकडून यापेक्षा जास्त मागायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. त्या घरात दुसऱ्यासाठी नियम बाजूला ठेवणारी तीच होती. वहिनी बाळंतपणानंतर आजारी होती तेव्हा एकादशीला तिच्यासाठी वरण-भात काकूनंच केला, सासूसमोर. स्वतःसाठी मात्र तिनं एकही नियम कधी सैल केला नाही. डिसेंबरमध्ये तुझ्यासाठी बोलायची पाळी माझी होती, आणि मी ताटं मांडत राहिले. त्याबद्दल मी तुझी माफी मागते.

पुढच्या दिवाळीत जायचं म्हणतोय. तुला यायचं नसेल तरी चालेल, आलीस आणि दिवा लावावासा वाटला नाही तरी चालेल. लावायचा असेल, कुठल्याही दिवशी, तर मी तुझ्याबरोबर देवघरात येईन आणि काकूशी आधी मीच बोलेन.

एक विचारायचं राहिलं. त्या संध्याकाळी आरती चालू असताना तू ओसरीच्या पायरीवर एकटी बसली होतीस. कितीतरी वेळ. तेव्हा तू काय करत होतीस? सांगशील मला?

तुझी,
आई