रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) एलिमेंट, म्हणजे भिंत-बीमसारखा भाग, गायब झालं की आधी हे बघ

अरे डिलीट झालं म्हणून घाबरू नकोस, बहुतेक वेळा ते फक्त त्या व्ह्यूत (प्लॅन, सेक्शन वगैरे) लपलेलं असतं. खालच्या पट्टीतला बल्ब दाब, लपवलेलं सगळं रंगीत दिसेल, तिथूनच अनहाइड कर. तिथेही नसेल तर व्ह्यू रेंज (प्लॅनमध्ये कुठल्या उंचीपर्यंतचं दिसेल ते) बघ, कट प्लेन (ज्या उंचीवर मॉडेल आडवं कापून प्लॅन दाखवतात ती पातळी) 1200 मिमीवर असेल तर डोक्यावरची बीम साध्या प्लॅनमध्ये कशी दिसणार? मग फेज (बांधकामाचा टप्पा), वर्कसेट (टीममध्ये वाटून घेतलेला मॉडेलचा गट) वगैरे बघ. आणि व्हीव्ही (व्ह्यूत काय दिसावं ते ठरवायच्या खिडकीचा शॉर्टकट) दाबल्यावर ऑप्शन ग्रे दिसले तर व्ह्यू टेम्प्लेट (व्ह्यूच्या सेटिंगचा तयार साचा) लावलेलं आहे, बदल त्यातच करायचा. एकेक एलिमेंट राइट क्लिक करून लपवायची सवय मात्र लावू नकोस बाबा, दुसऱ्याला शोधताना नाकी नऊ येतात, त्यापेक्षा फिल्टर (नियम लावून एकदम लपवायची सोय) बनव.