सपाट पाण्याला भुलू नका

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र पुढच्या महिन्यात एका नव्या किनाऱ्यावर विंडसर्फिंगला जातोय. आजवरचा सगळा सराव तलावावरचा. तिघांचा हात बऱ्यापैकी बसलाय, दोघं अजून शिकाऊ आहेत. चारच दिवस आहेत, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात उतरायचा बेत आहे. एक मित्र म्हणतो, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर पाणी सपाट असतं, शिकाऊंना सोपं जाईल. बरोबर आहे का?

उत्तर : पाणी सपाट असतं हे खरं आहे. पण मला भीती वाटते ती त्याच पाण्याची.

शिकायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी मी अशाच अनोळखी किनाऱ्यावर उतरले होते. मागे उंच कडा, त्यावर झाडी. काठावर वारा इतका मंद, की शीड धड भरतही नव्हतं. थोडं आत गेले आणि कड्याचा आडोसा संपला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ते गणित मला पाठ होतं, पण हाताला कळलं तेव्हा मी पाण्यात होते. बोर्डवर चढायचं, ओली दोरी ओढून शीड उचलायचं, पुन्हा पडायचं. बोटांची सालटी निघाली. दर वेळी उभी राहिले की किनारा आणखी लांब. आधी मैत्रिणीच्या हातातला टॉवेल दिसत होता, मग नुसती मैत्रीण, मग तीही दिसेना. शेवटी एका मच्छीमार होडीनं मला उचललं. त्या दिवशी मी एकच गोष्ट बरोबर केली : बोर्ड सोडला नाही. पोहून जाऊ, असं दहादा मनात आलं होतं.

असं का होतं, ते शिकाऊंना नीट समजावून सांग. बोर्ड वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, आलटून पालटून बाजू बदलत चढावं लागतं. नवशिक्याला ते साधत नाही. प्रत्येक पडण्यात, प्रत्येक वळणात तो वाऱ्याबरोबर खाली सरकतो. तलावावर त्याची शिक्षा म्हणजे पलीकडच्या काठावरून बोर्ड उचलून चालत येणं. समुद्रावर मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा असेल तर पलीकडचा काठच नसतो. म्हणून वारा किनाऱ्याला समांतर किंवा तिरका किनाऱ्याकडे येणारा हवा, आणि शिकाऊंसाठी तो १० नॉटच्या, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरच्या, आतच बरा. पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसायला लागले की त्यांना बाहेर काढा.

तलाववाल्यांना भरती-ओहोटीची सवय नसते, आणि माझी खरी काळजी तीच आहे. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे पाणी चढायला-उतरायला सुमारे सहा तास लागतात, पण सारख्या वेगानं नाही. ढोबळ हिशेब असा : एकूण फरकाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं आणि ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात; त्यावर पाय ठरत नाही.

म्हणून पहिला दिवस बघण्यात घाला. मला ठाऊक आहे, शीड गुंडाळून काठावर बसणं जिवावर येतं. पण पूर्ण ओहोटीला किनाऱ्याचे फोटो काढून ठेवा. भरतीत जे खडक गडप होतात, ते बोर्डखालचं फिन मोडतात आणि पायही. तिथल्या मच्छीमारांना विचारा, दुपारी वारा कुठून फिरतो, पाणी कुठे ओढतं. मला कुठल्याही अ‍ॅपपेक्षा त्यांच्या उत्तराचा जास्त उपयोग झालाय.

दुसऱ्या दिवशी आळीपाळीनं एक जण काठावर राहील : दुर्बीण, फोन, आणि तिथल्या बचाव पथकाचा नंबर आधीच लिहून घेतलेला. बाकीच्यांनी लाइफ जॅकेट घालून आधी वारा येतो त्या बाजूला चढायचं, मग खेळायचं. दमल्यावर वारा घराकडे आणेल. कुणी अडकलाच, तर बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूला पसरायचे आणि सावकाश वर-खाली करायचे. मदतीची ही खूण सगळीकडे ओळखतात. शीड पाण्यात पडू द्यायचं, वाहून जाण्याचा वेग त्यानं कमी होतो. ही खूण पाचही जणांकडून काठावर करून घे. हसतील, तरी करून घे.

तारखा पक्क्या झाल्या की त्या चार दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा मला लिहून पाठव. शिकाऊंनी कुठल्या तासाला उतरायचं, ते आपण मिळून ठरवू.