आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ या नाटकात जॉन प्रॉक्टर सही करूनही कबुलीजबाब का फाडतो?

कारण त्या कागदाचं पुढे काय होणार, हे त्याला कळतं. अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ साली चेटूक केल्याचं कबूल करणारे फासावरून वाचत होते, नाकारणारे लटकत होते. प्रॉक्टरला जगायचंय, बायको गरोदर आहे, म्हणून तो खोटं कबूल करतो. पण न्यायाधीश डॅनफर्थ तेवढ्यावर थांबत नाही. आधी इतरांची नावं माग, मग सही केलेला कागद चर्चच्या दारावर लावायचा म्हण! तिथेच प्रॉक्टर अडतो. त्याच सकाळी रिबेका नर्ससारखी म्हातारी, देवभोळी बाई खोटं न बोलता फाशी जाणार आहे. आपल्या सहीने तिचाही खोटेपणा ‘सिद्ध’ होईल, हे त्याला सहन होत नाही.

हा शेवट नीट समजायचा तर तिसरा अंक पुन्हा वाचाच. चेटकाचे खोटे आरोप करणाऱ्या मुलींपैकी मेरी वॉरन खरं सांगू लागताच बाकीच्या मुली तिचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उच्चारतात, तुळईवर पिवळा पक्षी दिसतोय म्हणून किंचाळतात आणि ती बिचारी कोलमडून पुन्हा त्यांनाच जाऊन मिळते. रंगभूमीवर सामूहिक उन्माद इतका अंगावर येताना मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आर्थर मिलरने हे १९५३ साली, अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड जोरात असताना रंगमंचावर आणलं. १९५६ मध्ये संसदीय समितीसमोर त्याच्यावरही तीच वेळ आली. त्याने इतरांची नावं सांगितली नाहीत. त्याबद्दल तो दोषी ठरला आणि १९५८ मध्ये अपिलात सुटला.